हंड्याचा इतिहास कुठल्या कागदात सापडतो?

आरे-वारेच्या घाटीत गाडी थांबवून सगळेच फोटो काढतात. खाली दोन किनारे, मागे सडा, पुढे गणपतीपुळ्याचा रस्ता. मे महिन्यात तिथे उभी असताना माझ्या डोक्यात मात्र वेगळाच प्रश्न होता. नळ यायच्या आधी इथल्या घरात पाणी भरायला किती वेळ लागत असेल? प्रश्न साधा वाटतो, पण पुरावा शोधायला बसलं की इतिहासाच्या संशोधनाची बरीच शिकवणी होते.

आधी भूगोल. रत्नागिरीत वर्षाला 3000 मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. तरी एप्रिल-मेमध्ये पाण्याची ओरड असतेच. सड्यावरचा जांभा सच्छिद्र असतो. पाणी त्यातून झिरपतं, खालच्या चिकणमातीच्या थरावर अडतं आणि उतारावर झरा होऊन बाहेर पडतं. त्यामुळे विहीर सखल जागी आणि घर चढावर, असं अनेक वाड्यांमध्ये दिसतं. म्हणजे रिकामा हंडा उताराला आणि भरलेला चढाला!

आता हिशोब. हे आकडे मी धरलेले आहेत, मोजलेले नाहीत. घरात 6 माणसं, माणशी 20 लिटर पाणी, म्हणजे 120 लिटर. हंडा 15 लिटरचा धरला तर 8 खेपा. एका खेपेला 10 मिनिटं, म्हणजे रोजची 80 मिनिटं. उन्हाळ्याच्या 60 दिवसांत 80 तास. शिवाय रोज 120 किलो पाणी डोक्यावरून चढवायचं. घिरटावर भात भरडणं, व्हायनात कांडणं, जात्यावर नाचणी दळणं हे सगळं वेगळंच.

मग या 80 तासांची नोंद कुठे आहे? 1880 साली मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा रत्नागिरी-सावंतवाडीचा खंड निघाला. बंदरं, व्यापार, शेतसारा, सगळं त्यात आहे. आरोग्याच्या प्रकरणात रोग, दवाखाने, देवीची लस आहे. कंबरदुखी शोधायला गेलात तर हात हलवत परत याल. यात लिहिणाऱ्यांचा आळस नव्हता. सरकारला कर आणि साथी मोजायच्या होत्या, कंबरेवर कर नव्हता. पुढे जनगणनेतही फक्त घरकाम करणारी बाई 'काम न करणारी' याच रकान्यात गेली. 1998-99 मध्ये लोकांचा दिवस कशात जातो याची चाचणी पाहणी झाली, पण त्या 6 राज्यांत महाराष्ट्र नव्हता. पहिली देशव्यापी पाहणी थेट 2019 ची. त्यात बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा रोजचा सरासरी वेळ 299 मिनिटं निघाला, पुरुषांचा 97.

मग मागचा काळ गाठायचा कसा? एक वाट आत्मचरित्रांची. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आहेत. देवरुखच्या आनंदीबाई कर्व्यांचं 'माझे पुराण' आहे. पण सावध राहा. ज्या बाईला लिहायला शिकता आलं तिचंच घरकाम यात सापडतं. दुसरी वाट जात्यावरच्या ओव्यांची. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांच्या प्रकल्पात एक लाखाहून जास्त ओव्या जमा झाल्या, त्या बहुतांशी लिहिता न येणाऱ्या बायकांच्या. तिसरी वाट वस्तूंची. जुन्या विहिरीच्या काठावर दोरीने पडलेल्या खाचा बघा. दगड झिजला, तर खांदे किती झिजले असतील!

चौथी वाट माणसांची, आणि तिथे मी सपशेल चुकले. आरे गावातल्या एका आजींना थेट विचारलं, "आजी, पाणी भरायचा तुम्हाला त्रास व्हायचा का?" त्या म्हणाल्या, "काय नाय गो. कसला तरास?" झालं, मुलाखत संपली. वहीत मी 'त्रास नाही' असं लिहिलंसुद्धा.

दुसऱ्या दिवशी प्रश्न बदलला. "विहिरीवर कोणाबरोबर जायचात?" मग अर्धा तास त्या थांबल्या नाहीत. पहाटे कोण आधी उठायचं, चुंबळ कसली करायची, पाऊस लागला की पायवाट कुठे निसरडी व्हायची, आणि कोणत्या बाळंतपणानंतर किती दिवसांनी पुन्हा हंडा उचलला. हे सांगताना हात आपोआप मानेमागे गेला. मी विचारलं, तेव्हापासून दुखते का? "दुखायची तशी दुखते. काम कोन करनार?"

आदल्या दिवशीची नोंद मी खोडली नाही. तिच्या शेजारी तारीख टाकून दोन्ही प्रश्न लिहून ठेवले. कारण आजी खोटं बोलल्या नव्हत्या. रोजचं दुखणं 'त्रास' या शब्दात बसतं असं त्यांना वाटतच नव्हतं. माझी प्रश्नावली वापरून कोणी 50 घरं फिरलं असतं, तर 50 घरांत 'त्रास नाही' मिळालं असतं, आणि त्याचा छान तक्ताही झाला असता.

म्हणून प्रश्नावली छापायच्या आधी ती एका माणसावर वापरून बघा. उत्तर पटकन संपलं, तर आधी आपला प्रश्न तपासा.