बोरघाट आणि टोपीकरांची स्पर्धा

कोकण व देश यांना जोडणाऱ्या वाटांत बोरघाटाचे स्थान अग्रगण्य होय. पनवेल बंदरी उतरलेला माल खालापूर-खोपोलीवरून याच घाटाने पुण्याकडे चढे. कर्जतच्या बाजूने कुसूरसारख्या दुय्यम वाटा होत्या. हा व्यापारी टापू १७७८ ते १७८१ या काळात रणभूमी का बनला, याचे उत्तर केवळ राघोबादादांच्या गृहकलहात सापडत नाही. त्याचा एक धागा इंग्लंड व फ्रान्स यांच्या वैरापर्यंत पोहोचतो.

हे वैर मराठी दरबारास अपरिचित नव्हते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासीस असे टोपीकरांचे भेद नावानिशी दिले असून, हे व्यापारी असले तरी त्यांच्या पाठीशी राजसत्ता आहेत, असा इशाराही आहे. यांतील इंग्रज व वलंदेज ही रूपे पोर्तुगीजांमार्फत मराठीत आली. त्या भेदांचा राजकीय उपयोग करण्याचे धोरण पुढे नाना फडणिसांनी अवलंबिले.

१७७७ साली सँ ल्युबँ हा फ्रेंच वकील पुण्यास आला. नानांनी त्याचा सन्मान केला. चौल बंदर फ्रेंचांस मिळेल, ही धास्ती मुंबईकर इंग्रजांस पडली. १७७८ साली युरोपात त्या दोन राष्ट्रांचे युद्ध जुंपले आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात राघोबांस गादीवर बसविण्यासाठी निघालेली इंग्रज फौज पनवेलीस उतरली. तिच्यासोबत हजारो बैल होते. घाट तिने सहज घेतला. परंतु मराठ्यांनी पुढील मुलुखातील दाणावैरण नष्ट केली. जानेवारी १७७९ मध्ये कॅप्टन स्ट्यूअर्ट (मराठ्यांचा 'इष्टुर फाकडा') कार्ल्याजवळ पडला, आणि वडगाव येथे इंग्रजांस तह करावा लागला.

फेब्रुवारी १७८१ मध्ये जनरल गॉडर्डने घाट पुन्हा घेतला व खोपोलीस तळ दिला. या वेळी परशुरामभाऊ पटवर्धनांनी पनवेलहून येणाऱ्या रसदेवरच घाला घातला. ज्या वाटेने पुण्याचा व्यापार चाले, तीच वाट आता इंग्रजांची दुखरी नस ठरली. एप्रिलमध्ये गॉडर्ड पनवेलकडे परतला. त्या माघारीत त्याची चारशेंहून अधिक माणसे मृत वा जखमी झाली.

घाट राखला गेला, तो मराठ्यांच्या बळावर. फ्रेंच कुमक आलीच नाही. मात्र १७ मे १७८२ च्या सालबाईच्या तहात, पोर्तुगीजांची जुनी ठाणी वगळता अन्य युरोपीयांस वखारी घालू न देण्याचे कलम पेशव्यांनी मान्य केले. दोन सत्तांच्या स्पर्धेमुळे पुण्यास जी निवड उपलब्ध होती, ती या कलमाने संपुष्टात आली. युद्धात मिळविलेल्या सुरक्षिततेचे मोल असे व्यापारी स्वातंत्र्यातून चुकते झाले. १८३० साली घाटातून गाडीरस्ता व १८६३ साली कर्जतहून लोहमार्ग झाला, तेव्हा त्या वाटेवर एकाच सत्तेचे स्वामित्व उरले होते.