मत मिळवणारी पोरे

मराठवाड्याला मताचा अधिकार उशिरा मिळाला आणि ज्या पोरांनी तो ओढून आणला, त्यांतल्या कितीतरी जणांना पहिल्या खेपेला तो बजावता आला नाही. रझाकारांच्या कथा आमच्याकडे अजून सांगतात, पण मतपेटीची कथा मागे राहून जाते. दिवाळीत घर भरलेले असते, आजोबा आणि नातू एकाच फराळाच्या ताटाशी बसतात. म्हणून ती येथे सांगतो.

आमचे चाकूर आज लातूर जिल्ह्यात आहे. हा जिल्हा झाला १९८२ साली. त्याआधी इकडचा मुलूख उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवात, आणि १९५६ पूर्वी अहमदपूर, उदगीर, निलंगा हे तालुके हैदराबाद राज्याच्या बीदर जिल्ह्यात मोडत. लातूरला बार्शी लाइटच्या छोट्या गाडीत बसलेला माणूस बार्शीला उतरला की मुंबई इलाख्यात उतरे. तिकडे १९३७ साली प्रांतिक निवडणूक झाली. मताला मालमत्तेची वा शिक्षणाची अट होती, सर्वांना मत नव्हतेच. तरी मते मोजून मंत्रिमंडळ बनले. इकडे निजामाच्या मर्जीने दिवाण बदलत.

निजाम सरकारने काहीच केले नाही असे मात्र नाही. त्याच १९३७ साली अरवमुदु अय्यंगार यांच्या अध्यक्षतेखाली सुधारणा समिती नेमली गेली आणि १९३९ साली सुधारणा जाहीर झाल्या. गंमत अशी की, त्यांत मत माणसाला नव्हते, धंद्याला होते. जमीनदार, सावकार, वकील यांनी आपापले प्रतिनिधी निवडावेत आणि राज्य निजामाने करावे! १९४६ साली या बेताची निवडणूक झाली, तेव्हा स्टेट काँग्रेसने तिच्यावर बहिष्कार घातला. मला विचाराल तर, दुसरे काही करण्यासारखे नव्हतेच.

पण या सगळ्याच्या आधी पोरे उठली होती. १९३८ साली स्टेट काँग्रेसवर ती नीट उभी राहण्यापूर्वीच बंदी आली. त्याच वर्षी नोव्हेंबरात औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजातल्या मुलांनी वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचा आग्रह धरला. मनाई झाली, तरी मुले हटली नाहीत. उस्मानिया विद्यापीठात हीच गोष्ट पसरली आणि शेकडो विद्यार्थ्यांची नावे कमी झाली. नागपूर विद्यापीठाने त्यांना आत घेतले, म्हणून त्यांचे शिक्षण वाचले. या मुलांनी काय मागितले होते? एक गीत म्हणण्याची मोकळीक. सत्ता कोणाची, हा प्रश्न त्या गीतातून आपोआप निघाला.

त्या काढून टाकलेल्यांत पामुलपर्ती वेंकट नरसिंह राव नावाचा सतरा वर्षांचा मुलगा होता. तो पुढे देशाचा पंतप्रधान झाला हे सर्वांना ठाऊक आहे. पण ते पंतप्रधान असताना, १९९१ ते १९९६, लोकसभेच्या अध्यक्षपदी आमच्या चाकूरचे शिवराज पाटील होते, हे आमच्या गावाबाहेर फारसे कोणाच्या लक्षात नसते. दोघेही निजामाच्या रयतेची लेकरे.

१९४७ साली हिंदुस्थान स्वतंत्र झाला आणि हैदराबाद बाहेर राहिले. स्वामी रामानंद तीर्थ हे मुळात आमच्याच जातकुळीचे, मास्तर. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि नंतर अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत त्यांनी मुले घडवली. ७ ऑगस्ट १९४७ ला त्यांनी ‘भारतात सामील व्हा’ दिन पुकारला आणि शाळा ओस पडू लागल्या. कोणी तुरुंगात गेले, कोणी सरहद्दीवरच्या कॅम्पांत. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाने शरणागती पत्करली, आणि त्या वर्षीची दिवाळी मुक्त मराठवाड्याची पहिली दिवाळी ठरली.

आता साधा हिशेब करा. १९४७ च्या ऑगस्टात शाळा सोडलेला सोळा वर्षांचा मुलगा १९५२ च्या आरंभी, म्हणजे देशाची पहिली निवडणूक झाली तेव्हा, वीस वर्षांचा होता. मताला वय हवे होते एकवीस. तुरुंगाला वयाची अट नव्हती, मतदान केंद्राला होती! त्याच्या निरक्षर आईला मत मिळाले, वडलांना मिळाले. तो दारातून परतला. स्वामीजी स्वतः गुलबर्ग्यातून लोकसभेवर गेले.

त्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे, तिच्यावर त्याचे चिन्ह चिकटवलेले. आपली चिठ्ठी हव्या त्या पेटीत टाकायची. हैदराबाद राज्यात शंभरात दहाच्या आसपासच माणसे साक्षर होती, त्यांना ही रीत सोयीची पडली. यादीची कथा मात्र निराळी. देशभर मतदार सतरा कोटींवर. त्यांत सुमारे २८ लाख बायकांची नावे मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांना वगळावी लागली. या बहुतांशी उत्तरेकडच्या बायका. स्वतःचे नाव परक्याला सांगायचे नाही म्हणून ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढेच त्यांनी लिहवले होते. सेन अडून बसले, त्यांचे बरोबरच होते. पुढच्या निवडणुकीत पुष्कळ जणींनी नावे सांगितली.

वयाची अट उतरायला १९८९ उजाडले. एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने एकवीसचे अठरा झाले. ती मंजूर करणाऱ्या लोकसभेत लातूरचे प्रतिनिधी शिवराज पाटीलच होते. १९५२ साली तेही सोळा वर्षांचेच होते. १९८० पासून लातूरने त्यांना सलग सात वेळा निवडून दिले आणि २००४ साली त्याच मतदारांनी पाडले. मताचे वजन पाहायचे तर आमच्या भागाला दूर जायला नको.

आणि आज? २०२४ च्या लोकसभा निवडणुकीच्या यादीत अठरा-एकोणीस वर्षांचे मतदार १ कोटी ८० लाखांहून थोडे अधिक होते. त्या वयाची मुले देशात याच्या दुपटीहून जास्त होती. म्हणजे निम्म्याहून अधिकांनी नावच घातले नव्हते. आळस म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण चाकूरचा मुलगा अकरावीला लातुरास जातो, तेथून पुण्याला. नाव कोठे घालायचे हेच त्याला कळत नाही. मतदान सहसा एप्रिल-मेच्या उन्हात, परीक्षेच्या दिवसांत येते, आणि गावी यायचे भाडे खिशातून जाते. शिकायला जिथे राहतो तिथल्या यादीतही नाव घालता येते, हे त्याला कोणी सांगत नाही.

पूर्वी १ जानेवारी ही वर्षातली एकच तारीख धरत. २०२२ पासून जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर अशा चार पहिल्या तारखा आहेत. सतरा पूर्ण झालेल्याला आगाऊ अर्जही देता येतो. नव्या नावासाठी नमुना सहा, पत्ता बदलण्यासाठी नमुना आठ. सहाव्या नमुन्याला जन्मतारखेचा पुरावा लागतो. शाळेचा दाखला बहुतेक घरी आईच्या ट्रंकेत, लग्नाच्या शालूखाली असतो. सुटीत ट्रंक उघडलेलीच असते, तेव्हा काढून ठेवावा.