मुद्रालेख, मराठेशाहीतील

मराठी राज्याच्या कागदपत्रांवर उमटविलेल्या शिक्क्यांतील, धन्याचे नाव व त्याच्या सत्तेचा आशय सांगणारा संक्षिप्त मजकूर. यूरोपीय राजघराण्यांच्या कुलचिन्हांवरील ब्रीदवाक्यांशी त्याचे साम्य आहे. मात्र येथे ब्रीद केवळ शोभेसाठी नव्हते. वतनाचा हक्क सनदेवर आणि सनदेचा विश्वास शिक्क्यावर अवलंबून असे.

शहाजी व जिजाबाई यांच्या मुद्रा फार्सीत होत्या. छत्रपती शिवाजी महाराजांची अष्टकोनी मुद्रा मात्र संस्कृतात, अनुष्टुभ छंदात आहे. रांझे गावच्या मोकदमास शिक्षा केल्यासंबंधीच्या १६४६ च्या पत्रावर ती आढळते. प्रतिपदेच्या चंद्रकोरीप्रमाणे वाढत जाणारी, विश्वाला वंद्य अशी ही शहाजीपुत्र शिवाजीची मुद्रा कल्याणार्थ शोभते, असा तिचा भावार्थ. पदरी केवळ पुणे भागातील जहागीर असताना, आदिलशाहीचा उल्लेखही न करता केलेले हे विधान धाडसाचेच म्हटले पाहिजे. भारतीय नौदलाने २०२२ मध्ये स्वीकारलेल्या ध्वजावरील अष्टकोनाची प्रेरणा हीच मुद्रा होय.

पत्राच्या अखेरीस ‘मर्यादेयं विराजते’ असा लहान शिक्का करीत. त्यास मोर्तब म्हणत. मजकूर येथे संपला, पुढे कोणी अक्षर वाढवू नये, हा त्याचा हेतू. लांब कागदांच्या जोडांवर पाठीमागूनही शिक्के उमटवीत, म्हणजे मधला बंद बदलता येत नसे.

संभाजी महाराजांच्या पिंपळपानाच्या आकाराच्या मुद्रेत आकाशाची उपमा आहे. मोगलांच्या कैदेतून १७०७ मध्ये सुटून आलेल्या शाहूने वामनावताराची उपमा योजिली; लहान पाउलापासून त्रैलोक्य व्यापणारी ही प्रतिमा आजोबांच्या चंद्रकोरीचीच आठवण देते.

पेशव्यांच्या मुद्रांत काव्य कमी आणि राजकारण अधिक दिसते. ‘श्री शाहू नरपति हर्षनिधान, बाजीराव बल्लाळ मुख्य प्रधान’ यात धन्याचे नाव प्रथम येते. शाहूच्या मृत्यूनंतर (१७४९) सत्ता पुण्यास गेली व रामराजा साताऱ्यास नामधारी उरला, तरी माधवराव पेशव्याच्या (कार. १७६१–७२) शिक्क्यात ‘श्री राजाराम नरपति’ हेच शब्द आधी आहेत. राज्य कोणाचे आणि कारभार कोणाचा, हा भेद शिक्क्याने अखेरपर्यंत सांभाळला.

बनावट शिक्क्यांचीही उदाहरणे असल्याने केवळ मुद्रेवरून कागद अस्सल ठरविता येत नाही. मोडी अक्षराचे वळण, कागद व कालनिर्देश यांचा मेळ पाहावा लागतो.