दिवा बदलला, कंदील बदलला

आकाशकंदिलाचा विषय निघाला की लोक रंगीत कागदांच्या आठवणीत रमतात. माझं लक्ष आधी आत जातं. आत काय जळतंय, यावर कंदिलाचा आकार ठरत आला आहे. कागद, कामट्या, झिरमिळ्या हे सगळं त्याच्या मागून. माझा जन्म शाळेत चित्रकला आणि कार्यानुभव शिकवण्यात गेला. सहामाही परीक्षा तोंडावर आल्या की माझे तास कंदिलांना लागायचे. पोरांचे वाकडे कंदील सरळ करता करताच हे माझ्या लक्षात येत गेलं.

मुळात कंदील नव्हता, दिवा होता. धर्मशास्त्राच्या ग्रंथांत कार्तिकातल्या कृत्यांमध्ये आकाशदीप येतो. कमलाकरभट्टांचा ‘निर्णयसिंधु’ १६१२ सालचा आणि पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांचा ‘धर्मसिंधु’ १७९० च्या सुमाराचा. आपल्याकडचे भटजी ज्यांवरून निर्णय सांगत आले ते हेच दोन ग्रंथ. घराजवळ उंच खांब रोवायचा, संध्याकाळी तिळाच्या तेलाचा दिवा लावून वर चढवायचा, अशी ही रीत. कोणी तो विष्णूसाठी म्हणतं, कोणी पितरांना वाट दिसावी म्हणून. कोकणातल्या आमच्या मूळ घरी अंगणात कळकाचा उंच बांबू उभा करून त्याला कप्पी लावत आणि दोरीने दिवा वर ओढत, असं आजी सांगायची. आता ज्याने उघड्यावर पणती लावून पाहिली आहे त्याला पुढचं सांगायला नको. उंचावर वारा असतो. दिव्याला आडोसा हवा. तो आडोसा असा हवा की वारा अडेल, उजेड अडणार नाही, आणि ज्योतीला वरून-खालून हवा मिळेल. या तीन अटी एकदम पाळायला गेलं की हातात जे येतं, त्याला आपण पारंपरिक कंदील म्हणतो.

तो कसा करतात ते जरा सावकाश सांगते, कारण सगळी अक्कल तिथेच आहे.

गिरगावातल्या आमच्या चाळीत एक काका होते, गिरणीत जॉबर. चाळीतल्या पोरांना कंदील तेच शिकवायचे. पहिलं काम काड्यांचं. बुरुडाकडून बांबूच्या कामट्या आणायच्या आणि सगळ्या एका मापाच्या कापायच्या. पुण्याला बुरूड आळी आहे, तशी ज्या त्या गावात बुरुडांची वस्ती असतेच. माप शक्यतो नऊ इंच. पेर येईल ती काडी बाजूला टाकायची, कारण पेरावर कामटी जाड होते आणि दोरा नीट बसत नाही. “काड्या मोज गं. चोवीस भरल्या का?” हा काकांचा पहिला प्रश्न. चोवीस काड्या म्हणजे सहा चौरस. चौरसाचे कोपरे गोधडीच्या जाड दोऱ्याने आवळायचे. मग त्यातले चार चौरस टोकावर उभे करून, कोपऱ्याला कोपरा बांधून गोल कडं करायचं. त्यांची वरची चार टोकं पाचव्या चौरसाच्या चार कोपऱ्यांना, खालची चार सहाव्याच्या. झाला सांगाडा. चौरसांच्या मधे आपोआप आठ त्रिकोण तयार होतात. त्यांच्यासाठी एकही जादा काडी लागत नाही.

भूमितीवाल्यांना हा आकार चांगला ठाऊक आहे. त्याचा एक गुण आमच्या काकांना आकड्यांत माहीत नसेल, पण हाताला नक्की माहीत होता. या सांगाड्याच्या मधोमध दिवा टांगला तर बाराच्या बारा गाठी दिव्यापासून सारख्याच अंतरावर येतात, आणि ते अंतर असतं बरोबर एका काडीएवढं. नऊ इंची काडी, तर गाठ नऊ इंचांवर. कागद त्याहून जवळ येतो, कारण चौरसाचा मध्य दिव्यापासून सव्वासहा इंचांच्या जरा पुढे असतो. पणतीच्या ज्योतीला बाजूंनी एवढी जागा पुष्कळ झाली. वर-खाली मात्र कागद लावायचाच नाही. वरच्या चौरसातून गरम हवा बाहेर जाते, खालच्यातून गार हवा आत येते. जो आकार आपण नक्षी म्हणून पाहतो, तो चुलीला धुराडं असावं तसा नाइलाजाचा आहे.

कागदाआधी हा सांगाडा हातात घेऊन पाहा. पिळतो. वरचा चौरस उजवीकडे फिरवला की सगळाच लवतो आणि पोरं रडकुंडीला येतात, बाई, माझा वाकडा झाला. वाकडा झालेला नसतो. काड्यांचा त्रिकोण ताठ राहतो, चौरस राहत नाही, एवढंच. अरविंद गुप्तांनी काड्यापेटीतल्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्वट्यूबचे तुकडे घेऊन देशभरच्या मुलांना हेच दाखवलं. मी वर्गात आधी तो प्रयोग करायचे आणि मग कंदील. म्हणून कागद लावताना क्रमाला महत्त्व: आधी उभे चार चौरस, मग त्रिकोण. चौरसांवर कागद ताणून बसला की सांगाड्याचं पिळणं थांबतं. तिथे कागद शोभेचा उरत नाही, तो सांगाड्याचा भाग होतो. काका त्रिकोणापासून सुरुवात करणाऱ्याच्या हातातून सांगाडा काढूनच घेत. कारण कधी सांगितलं नाही. ते मला फार पुढे, व्हॉल्वट्यूबचे तुकडे कापताना कळलं.

चिकटवायला खळ. मैदा पाण्यात कालवून, गुठळी न होऊ देता, पारदर्शक होईपर्यंत शिजवायचा. त्यात चिमूटभर मोरचूद, म्हणजे झुरळं कागद खात नाहीत. मोरचूद विषारी, म्हणून ते काम मोठ्यांचं. १९५९ नंतर बाजारात फेव्हिकॉल आला आणि हळूहळू खळ गेली. मला अजूनही पतंगी कागदाला खळच आवडते. ती लवकर धरत नाही, त्यामुळे कागद सरकवून ताणायला उसंत मिळते. कागद काडीपेक्षा बोटभर मोठा कापायचा, कडा आत दुमडायची आणि बोटाने दाबत न्यायचं. ब्रश नको, बोटच. काडी कुठे आहे ते बोटाला कळतं.

आता हा कागदी कंदील घरोघर कधी आला, याचं वर्ष कोणी सांगू लागलं तर मी विश्वास ठेवणार नाही. पण त्याला काय काय लागलं असेल हे सांगता येतं. जुन्नरला, दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्यात हातकागद होत असे. तो लिहिण्याचा कागद, जाड, पोथ्या-दप्तरांसाठीचा. त्यातून उजेड काय येणार? पातळ, रंगीत आणि पोराच्या हाती द्यावा इतका स्वस्त कागद हा गिरण्यांच्या काळातला. पतंगाचा ताव आणि कंदिलाचा ताव एकच, हे उगीच नाही. त्याच काळात माणसं मुंबईत चाळींत राहायला आली. अंगण गेलं, खांब रोवायला जमीन गेली, राहिली ती खोलीसमोरची गॅलरी आणि तुळईला एक खिळा. सरकारच्या डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० नंतर बांधलेल्या बीडीडी चाळी घ्या नाही तर गिरगावातल्या खाजगी. सगळीकडे गॅलरीतून माणूस जाताना कंदील डोक्याला लागता कामा नये. आकाशदिवा गावाने लांबून पाहायचा होता. चाळीतला कंदील शेजाऱ्याने जवळून पाहायचा. म्हणून माझ्या मते नक्षी वाढली ती चाळीत. सोनेरी कागद आठ पदरी दुमडून कापलेली जाळी, कोपऱ्यांवरच्या पाकळ्या, खालच्या झिरमिळ्यांना केलेली टोकं, हे सगळं हाताच्या अंतरावरून पाहणाऱ्यासाठी आहे. मागच्या वर्षी शेजारच्या बिऱ्हाडाने काय केलं होतं, हेही त्यात असायचंच.

मग वीज आली. मुंबईत वीज आणि ट्राम चालवणारी कंपनी १९०५ साली निघाली, टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झालं. चाळीतल्या खोल्यांपर्यंत तार यायला पुढे बराच काळ गेला. पण आली आणि कंदिलाची एक अट सुटली. बल्बला हवा लागत नाही, तो आडवा टांगा नाही तर उलटा. लगेच बंद आकार दिसू लागले, आणि त्यांतला राजा म्हणजे चांदणी.

चांदणीचा सांगाडा मला सगळ्यांत आवडतो, कारण तो फसवा सोपा आहे. पाच लांब कामट्या एकीखालून एक घालत पंचकोनी तारा विणायचा. असे दोन. दोन्ही एकमेकांवर ठेवून पाच टोकं घट्ट बांधायची. मग मधे, कामट्या एकमेकींना ओलांडतात त्या पाच जागी, चार-पाच बोटं लांबीच्या आखूड काड्या उभ्या खुपसायच्या. सपाट तारा पोट फुगवून उभा राहतो. आत जागा होते ती एका बल्बापुरती. त्यात पणती ठेवून पाहा, दोन मिनिटांत होळी. मागच्या बाजूचा एक कागद तीन कडांपैकी दोनच कडांना चिकटवायचा, तिथून बल्ब आत जातो. वसईच्या आणि गोव्याच्या ख्रिस्ती घरांवर नाताळात लागतात ते तारे याच बांधणीचे. वसईची माझी एक विद्यार्थिनी दिवाळीत वर्गात केलेला सांगाडा जपून ठेवायची आणि डिसेंबरात पांढरा कागद लावून पुन्हा टांगायची. घरचे खूश, मीही खूश.

बल्बचा जाच वेगळा. साठ वॅटचा बल्ब तापला की जिलेटिनचा कागद आक्रसतो आणि पतंगी कागद जवळच्या जागी तपकिरी पडतो. म्हणून झीरोचा बल्ब. मग उजेड कमी, म्हणून कागद फिके, पिवळे-केशरी. गडद निळा कंदील दिवसा देखणा आणि रात्री काळाठिक्कर, हे दरवर्षी कुणाला तरी नव्याने कळायचं.

शाळेने कंदिलाला काय दिलं आणि त्याचं काय घेतलं, यावर मला बोलायलाच हवं. हाताचं काम शाळेत यावं हा गांधीजींचा आग्रह. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेतून मूलोद्योगाची कल्पना निघाली. पुढे कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात कार्यानुभव सुचवला आणि तो आमच्या वेळापत्रकात आला. त्यामुळे कंदील चाळीतल्या काकांकडून फळ्यावर आला. ज्या घरात करणारं कोणी नव्हतं त्या घरातल्या मुलालाही तो आला, ही मोठीच गोष्ट. पण चाळीस-पन्नास पोरांच्या वर्गात कोयता कसा चालवणार? कामटी गेली, कार्डशीट आली. घोटीव कागद लांबीत दुमडायचा, घडीच्या बाजूने पट्ट्या कापत जायचं, कडेला दोन बोटं सोडायची, उलगडून नळीभोवती गुंडाळायचा. दाबला की पट्ट्या बाहेर फुगतात. अर्ध्या तासात कंदील. बहुतेकांचा पहिला कंदील हाच आणि बऱ्याच जणांचा शेवटचाही. मी तो शेकडो मुलांना शिकवला, पण त्याला कंदील म्हणताना अजूनही जीभ अडखळते. त्यात काही उभं करावं लागत नाही.

थर्माकोलचं युग थोडक्यात उरकते, कारण मला ते आवडलं नाही. तापलेल्या तारेच्या कटरने लोण्यासारखं कापलं जाई, महिरपी झकास निघत, आणि दिवाळीनंतर त्याचं करायचं काय ते कोणालाच माहीत नसे. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने राज्यात प्लास्टिकबरोबर सजावटीच्या थर्माकोलवरही बंदी आली. घडीचे प्लास्टिकचे कंदील तोवर बाजार व्यापून बसले होते आणि अजून बसले आहेत.

तरी हाताचा कंदील संपला असं म्हणवत नाही. माहीमच्या कवळीवाडीतल्या कंदील गल्लीत घरोघरी कंदील होतात आणि कामट्या-कागदाचा पारंपरिक कंदील तिथे मागून घेणारे आहेत. पणजीला आकाशकंदिलांच्या स्पर्धा होतात. आणि आता दिवा पुन्हा बदलला आहे. एलईडी तापत नाही. कागद दिव्याला चिकटला तरी काही होत नाही, त्यामुळे आकाराला पूर्वीची एकही अट उरली नाही. मुलं जुन्या साड्यांचे काठ लावतात, करवंट्या कोरतात, वर्तमानपत्राच्या सुरळ्या करून कामट्यांच्या जागी वापरतात. सुरळी तिरकी आणि घट्ट गुंडाळली तर चोवीस सुरळ्यांचा सांगाडा उत्तम उभा राहतो. तो पिळतोही तसाच.

सोसायटीतली मुलं सध्या माझ्याकडे कंदील करायला येतात, तेव्हा हमखास एक जण विचारतो, आजी, आत एलईडी आहे, मग वरचा आणि खालचा चौरसही बंद करू का, छान दिसेल. मी नको म्हणते. आता ज्योत नाही, पण आमची गॅलरी आठव्या मजल्यावर आहे, आणि वर-खाली बंद असलेल्या कंदिलात वारा शिरला की त्याला बाहेर पडायला वाट नसते. तो एका रात्रीत शिवणीवर फाटतो. ज्यांना बंदच हवा आहे त्यांना मी सांगते, मग चांदणी करा, आणि मागची झडप उघडी ठेवा.