कुलकर्णी दप्तर (भोर–वेल्हे परिसर)

कुलकर्णी दप्तर म्हणजे वतनदार कुलकर्ण्याच्या राहत्या घरात ठेवले जाणारे गावाच्या वसुलाचे, जमिनींचे व हक्कांचे कागद आणि ते लिहिण्या-सांभाळण्यासाठी घरात राखलेली जागा होय. सध्याच्या पुणे जिल्ह्यातील भोर व वेल्हे परिसरात, म्हणजे जुन्या रोहिडखोरे, हिरडस मावळ, गुंजण मावळ व कानद खोरे या भागांत, गावाला निराळी कचेरी नसे. कुलकर्ण्याचे घर हीच कचेरी असे. पाटील वसूल करी आणि कुलकर्णी त्याचा हिशेब लिही. परगण्याच्या पातळीवर हेच काम अनुक्रमे देशमुख व देशपांडे यांच्याकडे होते.

पार्श्वभूमी

वेल्हे परिसरातील राजगड ही शिवाजी महाराजांची रायगडापूर्वीची राजधानी. राज्याच्या पत्रव्यवहाराची तपासणी करणाऱ्या सुरनिसाला राज्याभिषेकाच्या वेळी (१६७४) ‘सचिव’ हे नाव मिळाले. पुढे राजाराम महाराजांच्या काळात शंकराजी नारायण सचिव झाले व त्यांच्या घराण्याकडे भोर संस्थान आले. लेखनाशी निगडित पदावरून उभे राहिलेले हे संस्थान १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले.

मांडणी

दप्तराची बैठक सहसा ओसरीवर किंवा तिच्या लगतच्या खोलीत असे. लिहिण्यासाठी उजेड हवा आणि आलेल्या रयतेला माजघरापर्यंत यावे लागू नये, हे दोन्ही तेथे साधत असे. लेखक जमिनीवर बसे. एक गुडघा उभा करून त्यावर कागद टेकवणे किंवा उतरत्या झाकणाची लाकडी पेटी पुढे घेणे, या दोन सवयी प्रचलित होत्या. बैठकीची उंची व उजेडाची बाजू त्यानुसार ठरे. दौत, बोरू, बोरू तासण्याचा चाकू आणि ओल्या शाईवर टाकायची बारीक वाळू हाताच्या टप्प्यात ठेवली जाई. मोडीत आधी ओळीची रेघ ओढून तिच्याखाली हात फारसा न उचलता लिहीत असल्याने वारंवार उठावे लागणे कामाला बाधक ठरे.

कागद पुस्तकांसारखे उभे न ठेवता त्यांची पुडकी करून ती ‘रुमाल’ या चौकोनी कापडात बांधत. चालू वर्षाचा रुमाल बैठकीजवळ, जुने रुमाल फडताळात, आणि सनदा व महजर यांसारखे क्वचित लागणारे पण गमावून न चालणारे कागद पेटीत कुलूपबंद, अशी विभागणी सोयीची होती. मावळातील मुसळधार पावसात ओल व वाळवी हे मोठे शत्रू. भिंतीपासून दूर, उंचावर ठेवणे आणि उघडीप मिळाल्यावर उन्हे देणे हाच त्यावरचा साधा उपाय होता. कोणता कागद कोठे आहे याची यादी मात्र बहुधा कुलकर्ण्याच्या डोक्यातच असे.

टीका आणि शेवट

याच गोष्टीत त्याची सत्ता होती. आपल्या नावावर किती जमीन व किती बाकी आहे, हे मोडी न वाचता येणाऱ्या शेतकऱ्याला त्या ओसरीवर जाऊन विचारावे लागे. महात्मा फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये कुलकर्ण्यांच्या या मक्तेदारीवर कठोर टीका केली. शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात १९१८ मध्ये कुलकर्णी वतने बंद करून पगारी तलाठी नेमले. मुंबई राज्यात १९५० च्या कायद्याने परगणा व कुलकर्णी वतने रद्द झाली. त्यानंतर गावाचे कागद तलाठ्याकडे राहिले.

घरी उरलेल्या कागदांचे नशीब एकसारखे नव्हते. भोर तालुक्यातील कारी येथील जेधे देशमुखांच्या घरी जपलेली शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केली. शिवाजी महाराजांच्या जन्माची शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया (१९ फेब्रुवारी १६३०) ही नोंद तीत आहे. आज शासकीय शिवजयंतीही १९ फेब्रुवारीलाच असते. मोडीचे शालेय शिक्षण बंद पडल्यावर मात्र अशा अनेक घरांतील रुमाल वारसांनाच वाचता येईनासे झाले.