सैल पापणीच्या शस्त्रक्रियेची कुळकथा

वय वाढले की वरच्या पापणीची कातडी सैल पडून डोळ्यावर उतरते. खालच्या पापणीतला पातळ पडदा ढिला झाला की खोबणीतली चरबी पुढे येते आणि डोळ्यांखाली पिशव्या दिसू लागतात. यावरच्या शस्त्रक्रियेला ब्लेफरोप्लास्टी म्हणतात. आज ती सौंदर्यशस्त्रक्रियेत मोडते, पण तिचे मूळ नेत्ररोगांच्या उपचारात आहे.

पक्ष्मकोप या रोगात पापणीचे केस आत वळून बुबुळाला टोचतात. त्यावर सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात छेद सांगितला आहे. भुवईखालचे दोन भाग आणि केसांलगतचा एक भाग राखायचा, मधली जवाच्या आकाराची कातडी काढायची, जखम केसाने शिवायची आणि वर मध-तूप लावायचे. हेतू रूपाचा नव्हता. तरी किती कापायचे याआधी किती राखायचे हे सांगणारा हा ग्रंथकार जाणता शल्यविशारद होता, यात शंका नाही.

रोमच्या सेल्ससने पहिल्या शतकात सैल पापणीची कातडी कापण्याची रीत लिहिली. कोर्दोबाच्या अल-झहरावीने, सुमारे इ. स. 1000 मध्ये, डागणे आणि कापणे यांबरोबर एक बिनसुरीचा उपायही नोंदवला. कातडीची घडी बोरूच्या दोन काड्यांमध्ये धरून टोके घट्ट बांधायची. रक्त न पोचल्याने ती काळी पडे आणि काही दिवसांनी काड्यांसकट गळून जाई.

‘ब्लेफरोप्लास्टी’ हे नाव जर्मन शल्यविशारद फोन ग्रेफे याने 1818 मध्ये दिले, तेही नष्ट झालेली पापणी नव्याने घडवण्याच्या शस्त्रक्रियेला. 1884 मध्ये व्हिएन्नाच्या कार्ल कोलर याने कोकेनने डोळा बधिर करून दाखवला आणि स्थानिक भूल हाताशी आली. निव्वळ दिसण्यासाठी पापणीवर सुरी चालवून घ्यायला लोक तयार झाले ते त्यानंतरच. शिकागोच्या चार्ल्स मिलरने 1907 मध्ये चेहऱ्यातील उणिवा दुरुस्त करण्यावर पुस्तक काढले. त्यात पापण्याही होत्या.

पॅरिसच्या सुझान नोएल यांनी मात्र या कामाला सामाजिक बाजू दिली. सुरकुत्यांपायी नोकरी गमावण्याची भीती असलेल्या बायकांवर त्या शस्त्रक्रिया करत. कट्टर स्त्रीवादी असलेल्या नोएल यांच्या 1926 च्या पुस्तकाच्या नावातच ‘सामाजिक भूमिका’ हे शब्द आहेत. आरशापुढच्या हौसेची शस्त्रक्रिया म्हणून हिला हिणवणाऱ्यांनी हा भाग वाचायला हवा.

त्याच दशकात पॅरिसमध्येच बुर्गे याने खालच्या पापणीच्या आतून चरबी काढण्याची रीत मांडली. तिचा व्रण बाहेर दिसत नाही. 1951 मध्ये कास्तान्यारेस याने चरबीचे कप्पे नेमके दाखवले आणि ती सढळ हाताने काढली जाऊ लागली. परिणामी कित्येकांचे डोळे खोल गेलेले, उलट अधिक म्हातारे दिसू लागले. विसाव्या शतकाच्या अखेरीस चरबी राखून खालच्या खळगीत पसरवण्याकडे कल वळला. वरच्या पापणीत भुवई ते केस साधारण 20 मिलिमीटर कातडी राखण्याचा दंडक आहे. ती कमी पडली तर डोळा पूर्ण मिटत नाही आणि कोरडा पडतो.

क्वचित डोळ्यामागे रक्तस्राव होऊन दृष्टी जाऊ शकते. शस्त्रक्रियेनंतर डोळा एकाएकी ठणकू लागला, फुगला किंवा अंधुक दिसू लागले, तर सकाळची वाट न पाहता तातडीने रुग्णालय गाठावे.