मॅथ्यूज जाणार काय?

जुन्या घरांतील फडताळांत एखादा ठेवणींतला चहाचा संच असतो. पाहुणे उठून गेले, कीं त्यांतील एक बशी उलटी करून पाहावी. पुष्कळदां तिच्या पाठीवर एक लहानसा शिक्का आढळतो आणि त्यांत बर्स्लेम, हॅन्ले किंवा लाँगटन असें एखादें नांव असतें. इंग्लंडच्या मध्यभागीं, स्टॅफर्डशायर परगण्यांत, हीं गांवें एकमेकांस खेटून वसलेलीं आहेत. अशा सहा गांवांचें मिळून १९१० सालीं स्टोक-ऑन-ट्रेंट हें एक नगर झालें. कपबशा घडविणें हाच तेथला पिढीजात धंदा. बाटलीच्या आकाराच्या उंच भट्ट्या आणि त्यांतून निघणारा काळा धूर हीच त्या काळीं त्या नगराची ओळख होती. १९३८ च्या फेब्रुवारी महिन्यांत या कुंभारांच्या नगरीचें कामावरून लक्ष उडालें. युरोपवर त्या वेळीं युद्धाची छाया पडूं लागली होती. परंतु गांवाच्या बेचैनीचें कारण तें नव्हतें. स्टॅन्ले मॅथ्यूज नांवाचा तेवीस वर्षांचा फुटबॉल खेळाडू गांव सोडून जाणार, अशी बातमी फुटली होती!

श्रोतेहो, आज मी आपणांस त्या बातमीची, आणि तिच्या पाठोपाठ जो वाद नऊ वर्षें चालला त्याची, हकीकत सांगणार आहें.

मॅथ्यूज हा हॅन्लेचाच. बाप धंद्यानें न्हावी, आणि हौसेनें व कमाईसाठीं मुष्टियुद्ध खेळणारा. पोरानेंहि तोच मार्ग धरावा असें त्याला वाटे. पण पोराचे पाय हातांहून अधिक चलाख निघाले. पंधराव्या वर्षीं तो स्टोक सिटी क्लबाच्या कचेरींत पोऱ्या म्हणून लागला, सतराव्या वाढदिवशीं धंदेवाईक खेळाडू झाला, आणि विशीहि उलटली नव्हती तोंच, १९३४ सालीं, इंग्लंडच्या संघांतून वेल्सविरुद्ध खेळला. त्याची जागा आघाडीच्या फळींत, अगदीं उजव्या टोकाला. चेंडू पायाशीं घेऊन तो सरळ समोरच्या बचाव-खेळाडूच्या अंगावर जाई, क्षणभर थबके, खांदा डावीकडे झुकवी आणि दुसऱ्याच क्षणीं उजवीकडून निसटे. प्रत्येक वेळीं तो हेंच करी. तो काय करणार हें सर्वांना ठाऊक असे, आणि तरीहि तो सांपडत नसे. १ डिसेंबर १९३७ रोजीं चेकोस्लोव्हाकियाविरुद्ध त्यानें एकट्यानें तीन गोल केले आणि इंग्लंडनें तो सामना ५-४ असा जिंकला. पुढें तीन महिने व्हावयाच्या आंतच तो क्लब सोडूं म्हणाला.

कां म्हणाला, हें समजण्यासाठीं त्या काळच्या इंग्लिश फुटबॉलचा कायदा थोडा ठाऊक पाहिजे. विषय रुक्ष आहे, पण सगळें पाणी येथेंच मुरतें. खेळाडू कितीहि मोठा असला तरी त्याचा पगार हंगामांत आठवड्यास आठ पौंड व उन्हाळ्यांत सहा पौंड, याच्या वर जाऊं शकत नसे. सामना जिंकला तर दोन पौंड अधिक, बरोबरींत सुटला तर एक. पगारावर ही मर्यादा, आणि पायांत दुसरी बेडी. करार सालोसाल होई. परंतु साल संपलें म्हणून खेळाडू मोकळा होत नसे. क्लबानें त्याचें नांव आपल्या यादींत राखून ठेवलें, कीं त्याला दुसऱ्या कोणत्याहि क्लबाकडून खेळण्याची बंदी. क्लबानें त्याला विकावयाचें ठरविलें, तर हजारों पौंडांची किंमत एका क्लबाच्या तिजोरींतून निघून दुसऱ्याच्या तिजोरींत जाई. ज्याच्या पायांची ती किंमत, त्याला नव्या करारावर सही केल्याबद्दल दहा पौंड मिळत. १९३७ च्या मार्चमध्यें स्टोकच्या व्हिक्टोरिया मैदानावर आर्सेनलविरुद्धच्या सामन्यास ५१,३८० प्रेक्षक आले होते. उभें राहून सामना पाहण्यासहि सामान्यतः एक शिलिंग पडे. गल्ल्याचा हिशेब श्रोत्यांनींच करावा. सामना गोलांवांचून बरोबरींत सुटला. म्हणजे मैदानावर धांवणाऱ्या मोठ्यांत मोठ्या खेळाडूच्या पदरीं त्या आठवड्यांत नऊ पौंड!

कायद्यांत एकच फट होती. पांच वर्षें इमानानें एका क्लबाकडे राहिलेल्या खेळाडूस जास्तींत जास्त ६५० पौंड बक्षीस देतां येत असे. मॅथ्यूजची पांच वर्षें भरलीं तेव्हां क्लबानें ५०० पौंड देऊं केले. वाद झाला. शेवटीं त्याला पुरे ६५० मिळाले. पण मन विटलें तें विटलेंच. त्यांत मॅनेजर बॉब मॅक्ग्रॉरी यांच्याशीं त्याचें कधींच फारसें जमलें नाहीं. दीडशें पौंडांची घासाघीस करून क्लबानें काय मिळविलें, हें मला अजून उमगलेलें नाहीं. मॅथ्यूजनें क्लब बदलण्याची परवानगी मागितली. संचालकांनीं ती नाकारली. आणि बातमी बाहेर पडली.

मग नगरानें जें केलें त्याला फुटबॉलच्या इतिहासांत फारशी तोड नाहीं. स्टोकच्या किंग्ज हॉलमध्यें जाहीर सभा भरली. तिच्यासाठीं पुढाकार घेतला तो कपबशांच्या कारखानदारांनीं. कारण मजूर काम टाकून याच गोष्टीची चर्चा करीत होते आणि भट्टीवरच्या मालाचे हाल होत होते. सभागृहांत तीन हजारांहून अधिक माणसें दाटलीं, आणि आणखी हजारभर बाहेर रस्त्यावर फलक घेऊन उभीं राहिलीं. मॅथ्यूजनें जाऊं नये, एवढीच सर्वांची मागणी. पार्लमेंटच्या निवडणुकीसहि इतकी गर्दी जमविणें अनेक पुढाऱ्यांना साधत नाहीं.

मॅथ्यूज राहिला. गांवानें विजय साजरा केला. परंतु या विजयाकडे आज पाहतांना मन थोडें अस्वस्थ होतें. क्लबाच्या यादीचा दोर त्याच्या गळ्यांत होताच. गांवानें त्यावर मायेची गांठ मारली. त्या तीन हजारांत बहुतेक लोक स्वतः मजुरी करणारे होते. मालक पटला नाहीं तर दुसरा कारखाना गांठण्याचा हक्क त्यांतील कोणीहि सोडला नसता. तोच हक्क आपल्या लाडक्या खेळाडूनें मागतांच त्यांना ती बेइमानी वाटली. त्यांना दोष तरी कसा द्यावा? आठवडाभर मातींत आणि धुरांत काढल्यावर शनिवारची दुपार हेंच त्यांचें वैभव होतें, आणि तें वैभव त्यांच्या दृष्टीनें उजव्या टोकाला उभें असे.

तो गेलाच तर त्याच्या जागीं कोण, हा प्रश्न अशा वेळीं नेहमींच निघतो. त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें लंडनच्या आर्सेनल क्लबानें त्याचें एक उत्तर देऊन पाहिलें. अ‍ॅलेक्स जेम्स हा त्यांचा खेळ रचणारा, मैदानाचा मध्य सांभाळणारा सूत्रधार १९३७ सालीं निवृत्त झाला होता. त्याची जागा भरण्यासाठीं वुल्व्हरहॅम्प्टनचा ब्रिन जोन्स १४,००० पौंडांना घेण्यांत आला. ब्रिटनमध्यें एवढी किंमत तोंपर्यंत कोणत्याहि खेळाडूची झाली नव्हती. जोन्स गुणी होता. परंतु पहिल्या हंगामांत त्याच्या नांवावर लीगचे चार गोल लागले, आणि प्रेक्षक प्रत्येक सामन्यांत त्याच्याऐवजीं जेम्सलाच शोधीत राहिले. रिकाम्या जागेपेक्षां तिची आठवण भरून काढणें अवघड असतें.

नंतर महायुद्ध आलें. मॅथ्यूज विमानदलांत भरती झाला आणि त्याची नेमणूक ब्लॅकपूल या समुद्रकांठच्या गांवाजवळ झाली. त्यानें तेथेंच बिऱ्हाड केलें आणि युद्ध संपल्यावर एक लहानसें हॉटेलहि घेतलें. स्टोकचा खेळाडू आणि राहतो ब्लॅकपूलला! नगराच्या जिव्हाळ्यांत येथें पहिली चीर पडली असें मला वाटतें.

१९४६ च्या शरदांत त्याला दुखापत झाली. त्याच्या जागीं जॉर्ज माउंटफर्ड हा तरुण खेळला आणि संघ जिंकूं लागला. मॅथ्यूज बरा होऊन परतला, तेव्हां मॅक्ग्रॉरींनीं त्याला आधीं दुय्यम संघांतून खेळून दाखविण्यास सांगितलें. त्यानें साफ नकार दिला. वर्तमानपत्रांना याहून चांगलें खाद्य कोणतें? जो प्रश्न आठ वर्षांपूर्वीं विचारणेंहि पाप होतें, तो आतां उघडपणें विचारला जाऊं लागला: मॅथ्यूज खरोखर हवा आहे काय?

विरुद्ध पक्षाचें म्हणणें अगदींच पोकळ नव्हतें. मॅथ्यूज चेंडू फार वेळ ठेवतो, त्याचा खेळ डोळ्यांचें पारणें फेडतो खरा, पण तोंवर शत्रुपक्षाची फळी जागेवर येते, ही तक्रार इंग्लंडचे निवडसदस्यहि करीत. म्हणून तर तेवीस वर्षांच्या आंतरराष्ट्रीय कारकीर्दींत तो अवघे ५४ सामने खेळला. शिवाय तो आतां बत्तीशीला आला होता. माउंटफर्ड सरळ धांवतो, गोलहि करतो. अशा तराजूंत दोन्ही पारडीं जवळजवळ सारखीं भासतात. पण सामना अडला असतां ज्याच्याकडे चेंडू जावा असें अकरांनाहि वाटतें, त्या माणसाचें वजन या तराजूंत पडतच नाहीं.

१९४७ च्या मे महिन्यांत स्टोकनें मॅथ्यूजला ११,५०० पौंडांना ब्लॅकपूलच्या हवालीं केलें. ब्लॅकपूलचे मॅनेजर जो स्मिथ यांनीं त्याला, आणखी दोनएक वर्षें निभतील ना, असें विचारल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे.

या वेळेस किंग्ज हॉलच्या सभेसारखी सभा कांहीं भरली नाहीं. आणि विक्रीची वेळ कोणती साधली? त्या हिंवाळ्यांत बर्फानें सामने रखडले होते, म्हणून हंगाम जूनपर्यंत लांबला होता, आणि स्टोक सिटी आपल्या आयुष्यांत प्रथमच इंग्लंडचें अजिंक्यपद मिळविण्याच्या बेतांत होती. १४ जून रोजीं शेफील्ड येथें शेवटचा सामना. जिंकला असता तर लिव्हरपूलइतकेच ५७ गुण झाले असते आणि गोलांच्या सरासरीवर अजिंक्यपद स्टोककडे आलें असतें. स्टोक २-१ असा हरला आणि चौथा आला. मॅथ्यूज असता तर जिंकलाच असता असें छातीठोकपणें कोणीं म्हणूं नये. परंतु ज्या संघानें पंधरा वर्षें असा खेळाडू राखला, त्यानें नेमका त्या पंधरवड्यांसाठीं त्याला राखूं नये, याचें समर्थन मला तरी सुचत नाहीं. स्टोकला तें पद पुढें कधींच मिळालें नाहीं.

त्या माउंटफर्डचें काय झालें, तेंहि ऐकण्यासारखें आहे. १९५० सालीं तो आणि स्टोकचाच नील फ्रँकलिन हा इंग्लंडच्या मधल्या फळीचा आधारस्तंभ, दोघेहि थेट दक्षिण अमेरिकेंत, कोलंबियाच्या बोगोटा शहरीं, खेळावयास निघून गेले. कोलंबियाची लीग त्या वेळीं जागतिक संघटनेच्या बाहेर होती. त्यामुळें तेथें ना राखीव यादीचा जाच, ना पगाराची मर्यादा. इंग्लंडांत बारा पौंड मिळत होते, तेथें त्याच्या कित्येक पटींचें वचन मिळालें होतें. त्याच उन्हाळ्यांत फ्रँकलिनवांचून उतरलेला इंग्लंडचा संघ ब्राझिलमध्यें अमेरिकेकडून एका गोलानें हरला. फ्रँकलिन लौकरच परतला, माउंटफर्ड वर्षभरानें. दोघांनाहि खेळण्यास मनाईची शिक्षा झाली, आणि फ्रँकलिन पुन्हां कधीं इंग्लंडकडून खेळला नाहीं. मॅथ्यूजच्या जागीं आणलेला माणूस मॅथ्यूजच्याच कारणासाठीं गेला, याचा अर्थ स्टोकच्या संचालकांना लागला कीं नाहीं कोण जाणे. पगाराची मर्यादा उठण्यास जानेवारी १९६१ उजाडावें लागलें. त्यासाठीं खेळाडूंच्या संघटनेला, जिमी हिलच्या पुढारीपणाखालीं, संपाची धमकी द्यावी लागली. राखीव यादी तर १९६३ सालीं जॉर्ज ईस्टहॅमच्या खटल्यांत न्यायमूर्ति विल्बरफोर्स यांनीं अन्यायाची ठरविली, तेव्हां कोठें ढिली पडली.

ब्लॅकपूलला मॅथ्यूजचे ‘दोनएक वर्षें’ चौदा वर्षें चालले. १९५३ सालीं वेम्ब्लीवर बोल्टनविरुद्ध १-३ असा मागें पडलेला सामना त्याच्या संघानें ४-३ असा फिरविला. तीन गोल मॉर्टेनसेननें केले, तरी लोक त्या सामन्याला मॅथ्यूजचेंच नांव देतात. खेळांतला न्याय कधीं कधीं असाहि असतो.

आणि मग, ऑक्टोबर १९६१ मध्यें, स्टोक सिटीनें त्याला परत विकत घेतलें. दिलेली किंमत १९४७ च्या किंमतीच्या तिसऱ्या हिश्शाचीहि नव्हती. क्लब दुसऱ्या श्रेणींत घसरला होता. मैदानावर आठ-साडेआठ हजार माणसें येत. मॅथ्यूज हडर्सफील्डविरुद्ध मैदानावर उतरला त्या शनिवारीं जवळजवळ छत्तीस हजार आलीं. तो सेहेचाळीस वर्षांचा होता. किंग्ज हॉलच्या बाहेर फलक धरून उभे राहिलेले पुष्कळजण आतां नातवंडांचा हात धरून आले असतील. १९६३ च्या मे महिन्यांत ल्यूटनविरुद्ध जिंकून स्टोकनें वरची श्रेणी पुन्हां मिळविली. त्या सामन्यांतील दुसरा गोल मॅथ्यूजचा, आणि त्या सबंध हंगामांतला त्याचा तो एकुलता एक. बरोबर तीस वर्षांपूर्वीं याच क्लबानें हीच श्रेणी जिंकली होती, तेव्हांहि तो संघांत होता. पन्नास वर्षें व पांच दिवस वय असतां, ६ फेब्रुवारी १९६५ रोजीं, तो लीगचा अखेरचा सामना खेळला.

फेब्रुवारी २००० मध्यें तो वारला. व्हिक्टोरिया मैदान तोंपर्यंत पाडलें गेलें होतें. स्टोकच्या नव्या मैदानावर, जेथून खेळाचा प्रारंभ होतो त्या मध्यवर्तुळाखालीं, त्याच्या अस्थींची रक्षा पुरलेली आहे.